हाताची नस जुळते, मग पाठीतली का नाही?

वाचकांचे प्रश्न : मज्जारज्जूची दुखापत

या विषयावर आलेली बहुतेक पत्रं रुग्णांनी नव्हे, घरच्यांनी लिहिली आहेत. बहिणी, आई-वडील, एक-दोन बायका. मी पुनर्वसन वैद्यक शाखेची डॉक्टर. आधी काही वर्षं प्रयोगशाळेत उंदरांच्या मज्जारज्जूवर काम केलं आणि नंतरचं सगळं आयुष्य वॉर्डात गेलं. त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, पण ती लांबायलाच हवीत असं मला वाटतं.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ (वय २९) दीड वर्षापूर्वी आंबे काढताना झाडावरून पडला. छातीच्या दहाव्या मणक्याला मार बसला. ऑपरेशन करून रॉड आणि स्क्रू बसवले, पण बेंबीखाली हालचाल नाही आणि स्पर्शही कळत नाही. याच भावाची मनगटाची नस शाळेत असताना काचेनं कापली होती. ती शिवली आणि सात-आठ महिन्यांनी बोटांत जाणीव परत आली. आता डॉक्टर म्हणतात, पाठीतली नस वाढत नाही. एकाच माणसाच्या अंगात असं कसं?
– एक भगिनी, राजापूर

उत्तर : ताई, या प्रश्नानं शास्त्रज्ञांनाही शंभर वर्षं झोप लागू दिलेली नाही. त्यांनीही तुमच्यासारखीच तुलना केली, मनगटाची आणि पाठीची.

आधी मनगट घेऊ. नस म्हणजे हजारो चेतातंतूंचा जुडगा. प्रत्येक तंतू हा एका पेशीचा लांबलचक धागा. पेशी स्वतः पाठीच्या कण्यात किंवा त्याला लागून असते आणि धाग्याचं टोक बोटाच्या पेरात. काचेनं धागा तुटला की टोकाकडचा भाग मरतो, पेशी मात्र जगते. मेलेल्या भागाभोवती श्वान पेशी नावाच्या आधारपेशी असतात, त्याही जगतात. त्या आपलं रोजचं काम सोडतात, रक्तातून आलेल्या भक्षक पेशींच्या मदतीनं एक-दोन आठवड्यांत बरीचशी पडझड उचलतात, रांगेत लागतात आणि वाढीला लागणारी प्रथिनं सोडायला लागतात. नवा तंतू त्या रांगेला धरून पुढे सरकतो, दिवसाला साधारण १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला इंचभर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतचं अंतर मोजून बघा, तुमच्या भावाचे सात-आठ महिने त्यात बरोबर बसतात.

आता पाठ. मज्जारज्जूच्या आत तंतूंवर मायेलिनचं वेष्टण चढवणाऱ्या पेशी वेगळ्या असतात, त्यांना ऑलिगोडेंड्रोसाइट म्हणतात. दुखापतीनंतर त्या रांगा वगैरे लावत नाहीत. मायेलिनचे तुकडे तिथेच महिनोन् महिने पडून राहतात, आणि त्या तुकड्यांवर अशी प्रथिनं असतात की त्यांना शिवलं तरी तंतूची वाढ थांबते. नोगो-ए, मॅग आणि ओएमजीपी ही त्यातली तीन चांगली ओळखीची. वाढत्या तंतूच्या टोकाला बारीक बोटं फुटलेला एक चपटा भाग असतो. काकडीच्या वेलाचा तणावा आधार चाचपत पुढे जातो तसं हे टोक समोर काय आहे ते चाचपत जातं. त्याच्या पृष्ठभागावरच्या रिसेप्टरला, म्हणजे बाहेरचे संदेश पकडणाऱ्या प्रथिनाला, नोगो चिकटलं की आत 'रो' नावाचा रेणू जागा होतो. तो टोकाचा आतला सांगाडा मोडतो आणि टोक आखडून मागे येतं.

दुसरा अडथळा म्हणजे जखमेचा वण. ॲस्ट्रोसाइट नावाच्या आधारपेशी आणि इतर पेशी जखमेभोवती जमतात आणि काँड्रॉइटिन सल्फेट प्रोटिओग्लायकन हे लांब नावाचे, साखरेच्या शाखा फुटलेले रेणू ओततात. तंतूला त्यातूनही पुढे जाता येत नाही.

मी प्रयोगशाळेत असताना उंदराच्या मज्जारज्जूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तासन् तास बघितले आहेत. जखमेच्या अलीकडे तंतू दिसतात, बारीक आणि सरळ. वणाजवळ येताच एकेकाच्या टोकाला फुगीर गोळा झालेला असतो. काही तंतू वळून उलटे फिरलेले असतात. स्पेनच्या सांतियागो रामोन इ काहालनी हे फुगीर गोळे शतकापूर्वीच चितारून ठेवले होते. १९२८ साली त्यांनी लिहून ठेवलं की प्रौढ मेंदू आणि मज्जारज्जूतले मार्ग कायमचे ठरलेले असतात, तिथे पुन्हा काही उगवत नाही. हा कठोर निकाल बदलता आला तर तो पुढच्या काळातल्या विज्ञानानं बदलावा, असंही त्यांनी तिथेच म्हटलं.

तो निकाल पहिल्यांदा हलला कॅनडात, माँट्रियलमध्ये. अल्बर्ट अग्वायो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० आणि १९८१ मध्ये उंदरांच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून मज्जारज्जूला जोडला. ज्या तंतूंना सगळे मेलेले समजत होते, ते त्या तुकड्यात शिरून कित्येक सेंटिमीटर वाढले. तुकड्याच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा मज्जारज्जू लागला, तिथे ते थोडंसं आत जाऊन थांबले. पेशी वाढू शकते, तिच्या भोवतालचं वातावरण तिला वाढू देत नाही, हे या प्रयोगानं दाखवलं.

पण दोष एकट्या भोवतालाचा नाही. मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते पाठीच्या कण्यालगतच्या संवेदी पेशींनी. या पेशीला दोन फांद्या असतात, एक पायाकडे जाते आणि दुसरी मज्जारज्जूतून वर मेंदूकडे. पायाकडची तोडली तर ती उगवते. मेंदूकडची तोडली तर उगवत नाही. पेशी तीच, फांदी वेगळी. मात्र आधी पायाकडची तोडली आणि काही दिवसांनी मेंदूकडची, तर मेंदूकडचीही वाढायला लागते. पहिल्या जखमेनं पेशीच्या केंद्रात वाढीची जनुकं जागी झालेली असतात आणि त्या तयारीचा फायदा दुसऱ्या फांदीलाही मिळतो. म्हणजे मज्जारज्जूत तुटलेल्या तंतूची पेशी मुळात वाढीच्या तयारीला लागतच नाही, आणि थोडीफार लागली तर बाहेरचे रेणू तिला अडवतात.

ताई, आता भावाबद्दल. त्याच्या फाइलमध्ये 'एशिया' श्रेणी, म्हणजे मज्जारज्जूची दुखापत किती पूर्ण आहे हे सांगणारी श्रेणी, लिहिली आहे का बघा : ए, बी, सी किंवा डी. नसेल तर तपासणी करून घ्या. कापूस आणि टाचणी घेऊन डॉक्टर डोक्यापासून खाली येतात आणि शेवटी गुदद्वाराभोवतीची कातडी तपासतात. बोट आत घालून 'जाणवतंय का, आवळून दाखवा' असंही विचारतात. पुष्कळ जण लाजतात, घरचे तर हा विषयच टाळतात. पण मज्जारज्जूच्या अगदी तळातून येणारे तंतू तिथे पोचतात. तिथे जाणीव शिल्लक असेल तर दुखापतीच्या जागेतून काही तंतू अखंड गेले आहेत, दुखापत अपूर्ण आहे, आणि सुधारणेचा हिशेबच बदलतो. दीड वर्षानंतरही ही नोंद हातात असायला हवी.

जाता जाता, जतच्या काकांसाठी. तुम्ही कमरेच्या तिसऱ्या मणक्याला मार लागल्याचं लिहिलंय. मज्जारज्जू स्वतः कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, त्याखाली असतात नुसती नसांची मुळं, आणि ती हातापायांच्या नसांच्या जातीची. त्यामुळे तुमच्या बाबतीत आशा जास्त आहे. व्यायाम सोडू नका.

प्रश्न : मॅडम, मी जीवतंत्रज्ञान शिकतो. नोगो-ए हा अडथळा आहे हे कळल्यावर त्याला अडवणारं औषध करायला एवढी वर्षं का लागतात? एक रेणू अडवला की झालं ना?
– एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : प्रश्न चांगला विचारलास. 'झालं ना' असंच तीस-पस्तीस वर्षांपूर्वी वाटलं होतं.

झुरिकच्या मार्टिन श्वाब यांनी १९८८ मध्ये मायेलिनमधल्या रोधक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड (अँटिबॉडी) तयार केलं. १९९० मध्ये त्यांनी दाखवलं की ते दिलेल्या उंदरांत काही तंतू जखमेपलीकडे वाढतात. जनुक हाती लागलं २००० मध्ये, एकाच वेळी तीन प्रयोगशाळांना, आणि तेव्हा 'नोगो' हे नाव सर्वतोमुखी झालं. पुढच्याच वर्षी त्याचा रिसेप्टर सापडला. मग कळलं की मॅग आणि ओएमजीपी याच रिसेप्टरला चिकटतात. तिथपासून गुंतागुंत वाढतच गेली.

माणसांवरची मोठी चाचणी युरोपात झाली आणि २०२४ च्या अखेरीस तिचे निष्कर्ष आले. मानेला ताजी दुखापत झालेल्या सव्वाशेच्या आसपास रुग्णांना चार ते अठ्ठावीस दिवसांच्या आत नोगो-ए विरोधी प्रतिपिंड सुरू केलं, पाठीतल्या पाण्यात सहा वेळा, दर वेळी ४५ मिलिग्रॅम. काहींना नुसतं निष्क्रिय द्रव्य. सगळ्या रुग्णांचा मिळून विचार केला तर हातांच्या ताकदीत ठरवलेला फरक दिसला नाही. ज्यांची दुखापत अपूर्ण होती त्यांच्यात मात्र सुधारणेच्या खुणा दिसल्या. मी याला अपयश म्हणणार नाही. ज्याच्यात थोडे तंतू वाचले आहेत त्याच्यात फुटवे फुटायला जागा असते, पूर्ण तुटलेल्यात ती जवळजवळ नसते, एवढं तरी माणसांत दिसलं. 'रो'ला रोखणाऱ्या एका औषधाची चाचणी त्याआधी २०१८ मध्ये थांबवावी लागली होती, कारण मध्येच हिशेब केल्यावर फायदा दिसण्याची शक्यता उरली नव्हती.

वणातल्या प्रोटिओग्लायकनचं बघ. प्रोटियस व्हल्गॅरिस या जीवाणूकडून मिळणारं काँड्रॉइटिनेज नावाचं विकर (एन्झाइम) त्यांच्या साखरेच्या शाखा छाटतं. लंडनमध्ये २००२ साली हे विकर दिलेल्या उंदरांची चाल सुधारली. २०१८ मध्ये तर साठ पाळीव कुत्र्यांवर, प्रयोगासाठी मुद्दाम इजा न केलेल्या, घरीच मज्जारज्जूला दुखापत होऊन लुळ्या पडलेल्या कुत्र्यांवर त्याची चाचणी झाली आणि ज्यांना ते दिलं त्यांच्या पुढच्या-मागच्या पायांचा मेळ काही प्रमाणात सुधारला. अडचण अशी की शरीराच्या तापमानाला हे विकर काही दिवसांतच निकामी होतं. म्हणून आता लोक प्रोटिओग्लायकन ज्या रिसेप्टरला धरतात त्यालाच अडवायच्या मागे आहेत. तसल्या एका पेप्टाइडच्या माणसांवरच्या चाचण्या अमेरिकेत सुरू झाल्या आहेत.

वण हा नुसता शत्रू आहे असंही समजू नकोस. २०१६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी उंदरांत ॲस्ट्रोसाइटचा वण तयारच होऊ दिला नाही, आणि तंतू वाढायच्या ऐवजी परिस्थिती आणखी बिघडली. वण जखमेची आग पसरू देत नाही. तो सरसकट काढायचा नसतो.

पेशीच्या आतला लगाम म्हणजे पीटेन नावाचं जनुक. ते काढून टाकलेल्या उंदरांत मेंदूतून खाली येणारे, सगळ्यात हट्टी समजले जाणारे तंतू २०१० मध्ये जखम ओलांडून वाढले. पण पीटेन आपल्याला कर्करोगापासूनही वाचवतं. रुग्णात ते कायमचं बंद कोण करेल?

शेवटी तुझ्या अभ्यासक्रमात अजून आला नसेल असा एक मुद्दा सांगते. तंतू नुसता पलीकडे गेला तर चालत नाही. २०२३ मध्ये स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या गटानं पूर्ण तुटलेल्या मज्जारज्जूतून तंतू पलीकडे वाढवले, उंदीर चालले नाहीत. त्याच जातीच्या तंतूंना त्यांच्या मूळ मुक्कामापर्यंत, कमरेच्या भागातल्या ठरावीक पेशींपर्यंत, रसायनानं ओढून नेलं तेव्हा चालले. जागं करायचं, वाट मोकळी करायची आणि योग्य दारापर्यंत न्यायचं, या सगळ्यावर एकत्र काम करावं लागेल. तुझ्या पिढीनं या विषयात यावं असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : पालीची तुटलेली शेपटी पुन्हा येते. मग तिच्यातला मज्जारज्जूही येत असणार. माणसाला ते का जमू नये, असं माझ्या वर्गातल्या मुलानं विचारलं.
– एक शिक्षिका, चंद्रपूर

उत्तर : पालीच्या नव्या शेपटीत मणक्यांऐवजी कूर्चेची नळी असते आणि तिच्यात मज्जारज्जूसारखी एक पोकळ नळी, पण चेतापेशी जवळजवळ नाहीत. शेपटी हलते ती उरलेल्या बुंध्यातून आलेल्या नसांमुळे. खरा नमुना बघायचा तर झेब्राफिश, पूर्व भारतातल्या ओढ्यांत आणि भातखाचरांत राहणारा बोटाच्या पेराएवढा पट्ट्यांचा मासा. त्याचा मज्जारज्जू पूर्ण तोडला तरी सहा-आठ आठवड्यांत तो पोहायला लागतो. त्याच्या आधारपेशी वण करायच्या ऐवजी दोन टोकांमध्ये पूल बांधतात. २०१६ मध्ये अमेरिकेत या पुलासाठी लागणारं एक जनुक सापडलं. त्याच जनुकाचं प्रथिन माशाच्या मणक्यांमधली चकती पुन्हा भरून काढायला मदत करतं, हे २०२३ मध्ये पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं दाखवलं. तुमच्या विद्यार्थ्याला हे नक्की सांगा. आणि नुकत्याच जन्मलेल्या उंदराच्या पिल्लातही मज्जारज्जूची जखम वणाशिवाय भरते, मोठेपणी ती क्षमता जाते, हेही सांगा.

प्रश्न : मुलगा २२ वर्षांचा, मोटारसायकलच्या अपघातात मान मोडली. एका ठिकाणी सांगितलं, कमरेच्या हाडातून स्टेम सेल काढून पाठीत सोडतो, चार इंजेक्शनं, सहा लाख. दोन एकर विकायची तयारी केली आहे. करू का?
– एक वडील, नांदेड

उत्तर : दादा, जमीन विकू नका. आधी हे एवढं, मग कारण.

वरची उत्तरं वाचलीत तर कळेल की पाठीत पेशी सोडल्यानं नोगो जात नाही, प्रोटिओग्लायकन जात नाहीत आणि तुटलेल्या तंतूची पेशी जागी होत नाही. त्या पेशींचा काही उपयोग होतो का याचा अभ्यास जगभर चालू आहे, पण विकायला ठेवण्याजोगा उपचार अजून सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांसारखे मान्य उपयोग सोडले तर स्टेम सेल फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतात. तिथे रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. तुमच्याकडे कोणी 'ही चाचणी आहे' म्हटलं तर तिचा सीटीआरआय क्रमांक, म्हणजे देशातल्या वैद्यकीय चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला क्रमांक, लेखी मागा. क्रमांकही नाही आणि सहा लाखही हवेत, तर उठून या.

'नुकसान तर होणार नाही ना?' असं तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलंय. होऊ शकतं. एका अमेरिकन तरुणीच्या मज्जारज्जूत नाकाच्या आतल्या अस्तराच्या पेशी बसवल्या होत्या. आठ वर्षांनी पाठ दुखायला लागली, तपासलं तर मज्जारज्जूत गाठ, आणि ती शेंबडासारखा द्राव तयार करत होती. २०१४ मध्ये ही केस वैद्यकीय नियतकालिकात छापून आली.

त्या पैशातला थोडासा भाग इथे घाला : चांगली हवेची किंवा जेलची गादी, मापाची व्हीलचेअर, दिवसातून चार-पाच वेळा स्वच्छ नळीनं लघवी काढण्याचं प्रशिक्षण, वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी. मी मज्जारज्जूच्या दुखापतीची माणसं गमावली ती बहुतेक शय्याव्रण चिघळून किंवा मूत्रपिंडं खराब होऊन. उद्या औषध आलं तर ते ज्याची कातडी, सांधे आणि किडन्या शाबूत आहेत त्यालाच देता येईल. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, १९५५ पासूनची. तिथे दाखवा. दिव्यांग प्रमाणपत्र काढून घ्या, म्हणजे संजय गांधी निराधार योजनेसाठी अर्ज करता येईल.

प्रश्न : मी स्वतः रुग्ण आहे. मानेच्या सहाव्या पातळीची दुखापत, अकरा महिने झाले. कोपर वाकतं, मनगट उचलता येतं, बोटं उघडत-मिटत नाहीत. हे सगळं संशोधन होईपर्यंत थांबायचं का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : थांबू नका, आणि हे पत्र वाचल्यावर उशीरही करू नका.

मज्जारज्जूतली नस वाढत नाही, पण तुमच्या हातातल्या नसा वाढतात. त्याचाच उपयोग करून शस्त्रक्रिया होते. जो स्नायू चालतो आणि ज्याच्याशिवाय भागतं, त्याची नस काढून बंद पडलेल्या स्नायूच्या नसेला जोडायची. तळवा वर वळवणाऱ्या स्नायूची फांदी बोटं उघडणाऱ्या नसेला जोडतात, कोपर वाकवणाऱ्या एका स्नायूची फांदी पकडीच्या नसेला. जखम मानेत राहते, तिला हात लावायचा नाही. नवे तंतू जोडाच्या खाली, श्वान पेशींच्या रांगेतून, दिवसाला एक मिलिमीटरनं स्नायूकडे जातात. मेलबर्नच्या शल्यविशारदांनी २०१९ मध्ये अशा तेरा जणांचे निष्कर्ष छापले. दोन वर्षांत बहुतेकांचे हात उघडायला आणि पकडायला लागले होते. जेवणाचा चमचा, दाढीचं ब्लेड, पेन, व्हीलचेअरचं चाक अशी कामं जमू लागली. काही जोड निकामीही झाले, ते आधी माहीत असावं.

त्यांनी दुखापतीनंतर अठरा महिन्यांच्या आतले रुग्ण घेतले होते. स्नायूच्या नसेचं खालचं मूळच जखमेत गेलं असेल तर तो स्नायू वाळत जातो आणि वेळ हातची निघून जाते. तुमचे अकरा झालेत. प्लास्टिक सर्जरी किंवा हाताच्या शस्त्रक्रियेच्या विभागात जा आणि 'नर्व्ह ट्रान्सफर' हेच शब्द वापरा. जमत नसेल तर 'टेंडन ट्रान्सफर' विचारा, ती दशकानुदशकं होते आहे आणि तिला वेळेची अशी घाई नसते. जाताना पहिला एमआरआय, ऑपरेशनचा कागद आणि एशिया तपासणीची नोंद बरोबर घ्या. दोन्ही हातांची ईएमजी, म्हणजे स्नायू आणि नसांची विद्युत तपासणी, करायला सांगतील, ती शस्त्रक्रियेच्या निर्णयाआधी करावीच लागते, म्हणून तिची वेळ आजच फोन करून घ्या.